बोअर (छर्ऱ्यांची बंदूक)

बोअर किंवा गेज हे छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या नळीचा आतील व्यास दर्शविणारे माप आहे. भारतात व ब्रिटनमध्ये 'बोअर', तर अमेरिकेत 'गेज' हा शब्द रूढ आहे. या मापात आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद असते. त्यामुळे १२ बोअरची नळी २० बोअरच्या नळीपेक्षा मोठी असते.

मापनाची पद्धत

नळीत नेमके बसतील असे शिशाचे किती गोळे मिळून १ पौंड (सुमारे ४५४ ग्रॅम) वजन भरते, ती संख्या म्हणजे त्या नळीचे बोअर होय. १२ बोअरच्या नळीत बसणारा गोळा पौंडाच्या बाराव्या हिश्श्याइतका, म्हणजे सुमारे ३८ ग्रॅम वजनाचा असतो. प्रचलित बोअरांचे व्यास पुढीलप्रमाणे आहेत:

• १० बोअर – सुमारे १९.७ मिमी
• १२ बोअर – सुमारे १८.५ मिमी
• १६ बोअर – सुमारे १६.८ मिमी
• २० बोअर – सुमारे १५.६ मिमी
• २८ बोअर – सुमारे १४ मिमी
• ४१० बोअर – सुमारे १०.४ मिमी

यांपैकी ४१० हा आकडा अपवादात्मक आहे. तो गोळ्यांची संख्या नसून नळीचा व्यास (०.४१० इंच) दर्शवितो.

तुलना

मोठ्या बोअरच्या बंदुकीचे छर्रे अधिक वेगाने जातात, हा समज बरोबर नाही. बहुतेक काडतुसांतील छर्रे सेकंदाला साधारण ३५० ते ४०० मीटर वेगाने नळीबाहेर पडतात. एकाच आकाराचा छर्रा त्याच वेगाने सुटल्यास, तो कोणत्याही बोअरमधून आला तरी त्याचा आघात सारखाच असतो. फरक पडतो तो छर्ऱ्यांच्या संख्येत. २.४ मिमी व्यासाचे शिशाचे छर्रे १२ बोअरच्या ३२ ग्रॅमच्या काडतुसात सुमारे ३९० मावतात, तर ४१० बोअरच्या १४ ग्रॅमच्या काडतुसात सुमारे १७५. अंतर वाढले की छर्रे पांगतात. संख्या कमी असल्यास त्यांच्यातील मोकळी जागा वाढते आणि लक्ष्य निसटते किंवा पक्षी केवळ जखमी होतो. म्हणून ४१० बोअर नवशिक्यांसाठी सोपे मानण्याची प्रथा असली, तरी त्याने अचूक नेम साधणे अधिक कठीण असते.

बंदुकीचा धक्का बोअरपेक्षा काडतुसातील भार व बंदुकीचे वजन यांवर अवलंबून असतो. हलक्या २० बोअरच्या बंदुकीतून जड भार उडविल्यास तिचा धक्का वजनदार १२ बोअरपेक्षाही अधिक जाणवू शकतो.

उपयोग

ऑलिंपिकमधील ट्रॅप व स्कीट या प्रकारांत १२ बोअरपेक्षा मोठी बंदूक चालत नाही आणि छर्ऱ्यांचा भार २४ ग्रॅम असतो. अमेरिकी स्कीटमध्ये १२, २०, २८ व ४१० बोअर अशा स्वतंत्र स्पर्धा होतात.

अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाच्या छर्ऱ्यांवर देशव्यापी बंदी आहे. पाण्यात पडलेले छर्रे गिळून पक्ष्यांना विषबाधा होत असे. पोलादी छर्रे शिशापेक्षा हलके असल्याने अधिक मोठे वापरावे लागतात व त्यांना जागाही जास्त लागते. त्यामुळे १० बोअर आणि १२ बोअरची साडेतीन इंची काडतुसे यांचे महत्त्व वाढले.

सुरक्षितता

२० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या बंदुकीत घातल्यास ते पुढे सरकून नळीत अडकते. बंदूक रिकामी आहे असे समजून मागे १२ बोअरचे काडतूस भरून चाप ओढल्यास नळी फुटून चालविणाऱ्यास गंभीर इजा होऊ शकते. याच कारणाने २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत आहे. बोअर जुळले तरी काडतुसाची लांबी बंदुकीवर कोरलेल्या लांबीपेक्षा अधिक असू नये.

भारतातील स्थिती

भारतात १२ बोअर सर्वाधिक परिचित आहे. बंदूक बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे वन्य प्राण्यांची शिकार निषिद्ध असल्याने येथे या बंदुकीचा खेळातील उपयोग मुख्यतः नेमबाजीपुरता उरला आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळविले.