लोयोलाच्या माडीवरील दिवास्वप्ने

धर्मग्रामातील घरांना भेटी देताना आईबापांची एक तक्रार हमखास कानी येते : "फादर, ह्याला जरा समज द्या. पुस्तक पुढ्यात असते आणि डोळे खिडकीबाहेर!" मी समज देतो खरा, पण माझे मन त्या उपदेशात पूर्णपणे नसते. कारण ज्या संताच्या साधनेने असंख्य धर्मगुरूंना घडविले, त्याचे परिवर्तनच मुळी दिवास्वप्ने पाहता पाहता झाले.

२० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांच्या तोफगोळ्याने इनिगो लोयोला ह्या बास्क सरदारपुत्राचा एक पाय मोडला, दुसरा जखमी झाला. फ्रेंचांनीच सौजन्याने उपचार करून त्याला डोलीतून घरी पाठविले. तेथे हाडे चुकीची जुळल्याचे आढळले, म्हणून ती पुन्हा मोडून बसवावी लागली. त्यानंतरही गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला. उंची, तंग बूट चढविता येणार नाहीत एवढ्यासाठी त्याने तेही हाड कापून घेतले! भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात हे दिव्य निव्वळ पोशाखाच्या हौसेपोटी होते, आणि उतारवयात आपली हकीगत सांगताना त्याने ते मुळीच लपविले नाही.

अंथरुणावर वेळ जाईना. त्याने शूर सरदारांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात तसले एकही पुस्तक नव्हते. मिळाली ती दोनच : सॅक्सनीच्या लुडोल्फने लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या चरित्रांचा संग्रह. वाचता वाचता पुस्तक मिटावे आणि मन भटकू द्यावे, असा क्रम सुरू झाला. एका उच्चकुलीन स्त्रीची सेवा कशी करावी, तिच्याशी कोणत्या शब्दांत बोलावे, ह्या विचारात त्याचे तीन-तीन, चार-चार तास निघून जात. मग कधी वेगळेच स्वप्न पडे : संत फ्रान्सिसने केले, संत डॉमिनिकने केले, ते मी केले तर?

दोन्ही स्वप्ने गोडच होती. फरक ओसरल्यानंतरचा होता. पहिले विरले की मन कोरडे, असमाधानी राही. दुसरे विरल्यावरही प्रसन्नता टिके. कित्येक दिवस त्याच्या हे ध्यानीही आले नाही. एके दिवशी डोळे उघडले. आध्यात्मिक विवेकाची त्याची सारी शिकवण ह्या एका निरीक्षणातून अंकुरली आहे.

येथे एक गोष्ट विसरू नये : इग्नेशियसने स्वप्ने पाहणे सोडले नाही. उलट आवडलेले उतारे तो सुंदर अक्षरात उतरवू लागला. ख्रिस्ताचे शब्द तांबड्या शाईने, मरियामातेचे निळ्या. अशी सुमारे तीनशे पाने भरली. आकाश व तारे बराच वेळ न्याहाळीत राहण्यात त्याला सर्वांत मोठे सांत्वन लाभे.

पुढे त्याच्या 'आध्यात्मिक साधना' ह्या ग्रंथास १५४८ साली पोप तिसरे पॉल ह्यांची मान्यता मिळाली. त्यात साधकाला चक्क कल्पना करावयास सांगितले आहे. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट किती लांब, किती रुंद, सपाट की डोंगरदऱ्यांतून जाणारी? गुहा मोठी की लहान, तिचे छत उंच की ठेंगणे? १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स ह्याच साधनेच्या परंपरेतले. इंग्लंडात जन्मलेल्या ह्या येशूसंघीयाने ख्रिस्तकथा मराठी ओवीत पाहिली आणि १६१६ साली रायतूर येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले.

सेमिनरीत असताना ही वाट मीही डोळ्यांपुढे आणू पाहिली. पॅलेस्टाईनचे डोंगर काही केल्या दिसेनात. दिसला तो आमच्या भातखाचरांमधला बांध. त्यावरून पदर सावरीत, पाय जपून टाकीत चाललेली मरियामाता, पुढे दिवा घेतलेला योसेफ. लक्ष विचलित झाले म्हणून मी खजील झालो आणि साधना देणाऱ्या वृद्ध फादरांना तसे सांगितले. त्यांनी मला दोष दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "नंतर मन कसे होते?"