स्वस्त की रास्त? भंडारदऱ्याच्या वाटेवरची चोखंदळ खरेदी

पावसाळ्यातील शनिवार-रविवारी मुंबई, पुणे आणि नाशिकहून हजारो पर्यटक भंडारदऱ्याकडे धाव घेतात. रंधा धबधबा, आर्थर जलाशय, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर पाहून परतताना यातील बहुतेकांच्या गाडीत एखादी तांदळाची गोणी, मधाची बाटली किंवा नागलीच्या पिठाची पिशवी असते. शहरातील ‘ऑरगॅनिक’ दुकानांत याच वस्तूंना मोजावी लागणारी किंमत पाहता गावातून थेट केलेली खरेदी किफायतशीर ठरणार, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुष्कळ अंशी खराही आहे. मात्र काय घ्यावे, केव्हा घ्यावे आणि कोणत्या भावाला संशय घ्यावा, याची माहिती नसेल तर हीच खरेदी महागात पडते.

धरण खाली, भात वर

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील प्रवरा नदीवर बांधलेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. सुमारे ११ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाचे पाणी कालव्यांवाटे खालच्या अंगाच्या तालुक्यांत गेले. तेथे ऊस बहरला आणि प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. धरणाच्या माथ्यावरच्या डोंगराळ पट्ट्यातील महादेव कोळी आणि ठाकर समाजाची शेती मात्र प्रामुख्याने पावसावरच राहिली. घाटघर, रतनवाडी, साम्रद या भागात धो-धो पाऊस पडतो, तो चार महिन्यांतच ओसरतो. साहजिकच खाचरात भात आणि उताराच्या वरकस जमिनीवर नागली, वरई, खुरासणी ही पिके येथे पिढ्यान्‌पिढ्या घेतली जातात. शहरात ज्यांना आता ‘खास’ पदार्थांचा मान मिळाला आहे, ते या पट्ट्यातील रोजचे अन्न आहे.

तांदूळ : नाव एक, दाणा दुसरा

काळभात, जिरवेल, रायभोग, आंबेमोहर ही अकोले तालुक्यातील भाताच्या पारंपरिक वाणांपैकी काही नावे. यातील अनेक वाण सुवासिक आहेत, पण उत्पादनात सुधारित वाणांच्या मागे पडतात. कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांनी बाएफ संस्थेच्या साह्याने देशी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या वाणांकडे शहरांचे लक्ष गेले. मागणी वाढली, भाव वाढला आणि त्यापाठोपाठ नावाची उसनवारीही वाढली.

घोटी-इगतपुरी ते भंडारदरा या पट्ट्यात सर्वाधिक दिसणारा तांदूळ म्हणजे इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने ‘आंबेमोहर १५७’ आणि ‘आयआर ८’ यांच्या संकरातून तो विकसित केला व १९८७ साली प्रसारित केला. तो चवीला उत्तम, सुवासिक आणि किंचित चिकट असतो. तो कमी दर्जाचा मुळीच नाही, परंतु तो आंबेमोहरही नाही. इंद्रायणीला आंबेमोहर म्हणून जादा दर देणे हा तोट्याचा सौदा होय. शहरांतील बाजारात तर आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेशातून येणारे, दिसायला मिळतेजुळते बारीक तांदूळही आंबेमोहर या नावाने विकले जातात. खऱ्या आंबेमोहराचा दाणा आखूड असतो, शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो आणि भात मऊ होतो. त्यामुळे शक्य असेल तेथे किलोभर नेऊन, शिजवून पाहून मगच मोठी खरेदी करणे शहाणपणाचे.

भावाचा अंदाज बांधण्याची एक सोपी रीत आहे. २०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरवली. सरकारी हिशेबात १०० किलो भातापासून ६७ किलो तांदूळ धरला जातो. म्हणजे अगदी साध्या तांदळाचा कच्च्या मालाचा खर्चच किलोला ३५ रुपयांच्या पुढे जातो. त्यावर भरडाई, वाहतूक आणि पोते आलेच. कमी उतारा देणारे देशी वाण, त्यातही हातसडीचे, याच भावात कोणी देऊ करत असेल तर दोनच शक्यता उरतात : वाण खोटे आहे, किंवा शेतकरी नाइलाजाने विकतो आहे.

नवा तांदूळ आणि जुना तांदूळ यांतही फरक करावा. कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. त्यानंतर लगेच मिळणारा तांदूळ स्वस्त असतो, पण शिजताना गोळा होतो. मऊभात, खीर किंवा घावनासाठी तो चांगला. वर्षभर मुरलेला तांदूळ मोकळा होतो आणि म्हणून महाग असतो. हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा थर राहतो. त्यातील तेलामुळे तो लवकर खवट होतो व त्याला कीडही लवकर लागते. पौष्टिक म्हणून वर्षाची बेगमी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दोन-तीन महिने पुरेल एवढाच घ्यावा.

नागली, खुरासणी आणि मध

नाचणीला या भागात नागली म्हणतात. तिची २०२५-२६ ची आधारभूत किंमत क्विंटलला ४,८८६ रुपये, म्हणजे किलोला सुमारे ४९ रुपये आहे. शहरात आकर्षक पाकिटातील पीठ याच्या कितीतरी पट दराने विकले जाते. नागलीचे दाणे कोरडे ठेवल्यास दीर्घकाळ टिकतात, पीठ टिकत नाही. म्हणून दाणे घेऊन शहरातील गिरणीतून लागेल तसे दळून आणणे हा सर्वांत किफायतशीर मार्ग. त्यात खडे व माती किती आहे, हे मूठभर दाणे पाण्यात टाकून पाहता येते.

पिवळ्याधमक फुलांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोंगरउतार रंगवणारी खुरासणी म्हणजेच कारळे. चटणी आणि तेल या दोन्हींसाठी तिला मागणी आहे. तिची आधारभूत किंमत २०२५-२६ साठी क्विंटलला ९,५३७ रुपये आहे. घाण्यावर एक लिटर तेल काढण्यास ढोबळमानाने तीन किलो बी लागते, म्हणजे बियांचाच खर्च २८५ रुपयांच्या घरात जातो. त्याहून स्वस्त ‘शुद्ध खुरासणी तेल’ दिसल्यास बाटली खाली ठेवलेली बरी. तेलाऐवजी बी घेऊन घरी भाजून चटणी करणे अधिक भरवशाचे ठरते.

मधाच्या बाबतीत फसगत सर्वाधिक होते. पाण्यात थेंब टाकणे, कापसाची वात पेटवणे या घरगुती परीक्षांवर विसंबता येत नाही. साखरेचा दाट पाकही त्यांत उत्तीर्ण होतो. उलट थंडीत मध गोठून रवाळ झाला म्हणजे तो भेसळीचा, हा समजही चुकीचा आहे. मधात पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक नसावे, असे अन्न सुरक्षा मानक आहे. पातळ, फेसाळ, आंबूस वासाचा मध टिकत नाही. सात वर्षांतून एकदा सामूहिकरीत्या फुलणाऱ्या कारवीचा मध म्हणून दरवर्षी बाटल्या विकल्या जात असतील, तर तो दावा तपासून घ्यावा. नोंदणीकृत बचत गट किंवा सहकारी संस्थेची, अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक छापलेली बाटली थोडी महाग असली तरी अखेरीस स्वस्त पडते.

गोडाच्या शौकिनांसाठी अकोल्याच्या रस्त्यावर राजूरचे पेढे आहेत. खव्याचा पदार्थ प्रवासात उन्हात राहिल्यास बिघडतो. त्यामुळे तो परतीच्या दिवशीच आणि ताजा पाहून घ्यावा.

रानभाज्या आणि रानमेवा

मे-जूनमध्ये करवंदे व जांभळे, तर पावसाळ्यात कुर्डू, भारंगी, करटुली, चाईचा मोहोर अशा रानभाज्या रस्त्याकडेला विक्रीस येतात. शहरातील मंडईच्या तुलनेत त्या स्वस्त आणि ताज्या असतात. भाजी ओळखण्याचे ज्ञान विकणाऱ्या बाईकडे असते. तिच्याकडूनच ती कशी उकळायची, पाणी टाकायचे की ठेवायचे, हे विचारून घ्यावे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ साली घोषित झालेले अभयारण्य आहे. पर्यटकांनी स्वतः जंगलात शिरून पाने-फळे ओरबाडणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

वाईन : वाटेवरच्या वायनरी

भंडारदऱ्याहून मुंबईकडे परतताना लागणाऱ्या इगतपुरी तालुक्यात ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने यांच्या वायनरी आहेत. नाशिकमार्गे जाणाऱ्यांना गंगापूर परिसरातील सुला गाठता येते. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणल्यानंतर या परिसरात वायनरींची संख्या वाढली आणि २०१० साली ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक निर्देशांक मिळाला. सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला होता, परंतु विरोधामुळे तो अमलात आला नाही. त्यामुळे खरेदी परवानाधारक दुकानातून किंवा वायनरीतूनच करावी लागते.

वायनरीत चव घेऊन निवडता येते, हा मोठा लाभ. सवलतीची बाटली घेताना मात्र द्राक्षांच्या हंगामाचे वर्ष पाहावे. जुनी ती सगळी वाईन चांगली, हा गैरसमज आहे. शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां यांसारख्या पांढऱ्या वाईन ताज्या असतानाच प्यायच्या असतात. तीन-चार वर्षे दुकानाच्या फळीवर उभी राहिलेली पांढरी वाईन निम्म्या किमतीतही महागच. खरेदी केलेली बाटली उन्हात उभ्या गाडीत तासन्‌तास ठेवल्यास तिचा स्वाद जातो. चव घेणाऱ्याने वाहन चालवू नये, हे वेगळे सांगायला नको.

भांडी : वजन, मजुरी आणि मोड

काळभातासाठी जाड बुडाचे पातेले आणि नागलीच्या भाकरीसाठी बिडाचा तवा हवा, असे वाटणाऱ्यांना भंडारदऱ्यात फारसे काही मिळणार नाही. त्यासाठी शहराचीच जुनी बाजारपेठ गाठावी. नाशिकचा भांडी बाजार, पुण्यातील कसबा पेठेची तांबट आळी आणि मुंबईतील पायधुणीजवळचा तांबाकाटा येथे तांब्या-पितळेची भांडी वजनावर मिळतात. मॉलमधील ‘हँडक्राफ्टेड’ भांड्याची किंमत नगावर असते, येथे ती किलोवर असते. दर विचारताना धातूचा भाव आणि मजुरी वेगवेगळी विचारावी. घरातील जुनी, पिचकी भांडी मोडीत देऊन नवी घेतल्यास रक्कम बरीच कमी होते, मात्र मोडीचा भाव आधी ठरवून घ्यावा.

आतून कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवू नयेत. कल्हईचे कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कल्हईचे रिकामे भांडे आचेवर ठेवणे किंवा त्यात कोरडे भाजणे टाळावे. बिडाचा तवा घेताना बोटाने टिचकी मारावी. बद्द आवाज आल्यास चीर असण्याची शक्यता असते.

घासाघीस कोठे करावी?

केवळ खरेदीसाठी भंडारदऱ्याला जाणे परवडणारे नाही. मुंबईहून जाऊन-येऊन सुमारे ३७० किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर धावणाऱ्या गाडीला २५ लिटर इंधन लागते. दहा किलो तांदळात ते भरून निघत नाही. सहल ठरलेलीच असेल तर खरेदी ही वरकड कमाई. एरवी चार-पाच कुटुंबांनी मिळून एखाद्या बचत गटाकडून पोत्याने मागवणे अधिक स्वस्त पडते. गटालाही एकरकमी पैसे मिळतात.

राहिला प्रश्न घासाघीस करण्याचा. भांडी बाजारात ती रीत आहे आणि दुकानदारही ती गृहीत धरूनच भाव सांगतो. रस्त्याकडेला करवंदांचा द्रोण घेऊन बसलेल्या बाईशी किंवा दोन खाचरांतील काळभात विकणाऱ्या शेतकऱ्याशी पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालण्याने वाचते थोडे आणि जाते पुष्कळ. कमी उताऱ्याचे वाण शेतकरी पेरतो ते त्याला चार पैसे अधिक मिळतील या भरवशावर. तो भरवसा तुटला, तर पुढच्या खरिपात त्या खाचरात सुधारित वाण उभे राहील आणि शहरातील खवय्याला काळभात फक्त पाकिटावरच्या नावात सापडेल. खरी बचत करायची तर ती मधल्या दलालीत, फसव्या नावात आणि अनावश्यक साठवणुकीत करावी.

खरेदीपूर्वी हे तपासा

- पाकीटबंद वस्तूवर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, पॅकिंगचा महिना आणि उत्पादकाचा पत्ता असणे बंधनकारक आहे.
- कमाल किरकोळ किंमत ही वरची मर्यादा आहे. त्याहून कमी दराने विक्री करता येते, अधिक दराने नाही.
- वेगवेगळ्या आकाराच्या पाकिटांची तुलना नेहमी किलोच्या किंवा लिटरच्या दराने करावी.
- सुट्या मालासाठी वजनकाटा शून्यावर आहे का, हे पाहावे. प्रवासात एक छोटा काटा बाळगल्यास उत्तम.
- मुदत संपत आलेले चीज, ऑलिव्ह तेल किंवा चॉकलेट शहरातील दुकाने सवलतीत काढतात. लगेच वापरायचे असेल तरच ते घ्यावे.
- तांदूळ, नागली व खुरासणी यांसाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्वांत सोयीचा. माल नवा असतो आणि निवडीला वाव असतो.
- फसवणूक झाल्यास बिल जपून ठेवावे व राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. वजनमापाची तक्रार राज्याच्या वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे करता येते.