बंदुकीचा हिंसाचार आणि स्थानिक लोकप्रतिनिधी

फरीदाबाद जिल्ह्यातील बल्लभगड येथे 26 ऑक्टोबर 2020 रोजी परीक्षा देऊन महाविद्यालयाबाहेर पडलेल्या एका विद्यार्थिनीची भररस्त्यात गोळी झाडून हत्या करण्यात आली. मार्च 2021 मध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. तिच्या अपहरणाची तक्रार 2018 मध्येच नोंदविण्यात आली होती. मात्र ते प्रकरण तडजोडीने मिटले होते.

राज्यघटनेनुसार शस्त्रास्त्रे हा केंद्राच्या, तर पोलीस हा राज्याच्या सूचीतील विषय आहे. त्यामुळे नगरसेवक वा सरपंच यांना शस्त्रपरवाना देण्याचा अथवा रद्द करण्याचा अधिकार नाही. तरीही हिंसाचार रोखण्यात त्यांचा वाटा मोठा ठरू शकतो.

पहिली बाब तक्रारींची. छळ वा धमकीच्या प्रकरणात समेटासाठी दबाव न आणता पीडित कुटुंबाला पोलीस ठाण्यापर्यंत साथ देणे आणि गावठी कट्ट्यांविषयीची माहिती पोलिसांना वेळीच कळविणे हे लोकप्रतिनिधींना सहज शक्य आहे.

दुसरी बाब विवाहसमारंभांतील गोळीबाराची. हरियाणातील करनाल येथे नोव्हेंबर 2016 मध्ये अशाच गोळीबारात वराच्या नात्यातील महिलेचा मृत्यू झाला. 2019 च्या शस्त्र (सुधारणा) कायद्यान्वये आनंदोत्सवातील निष्काळजी गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. महापालिकेची समाजमंदिरे भाड्याने देताना शस्त्रबंदीची अट घालता येते. गावात ग्रामसभा तसा ठराव करू शकते. बंदुका मिरविल्या जाणाऱ्या समारंभास लोकप्रतिनिधींनी स्वतः अनुपस्थित राहिल्यास त्याचा परिणाम अधिक होतो.

तिसरी बाब परिसराची. पथदिवे, वाहनतळ व उद्याने हे विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी नमूद आहेत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ओसाड भूखंड स्वच्छ करून तेथे हिरवळ लावण्यात आली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत त्यामुळे बंदुकीचा हिंसाचार 29 टक्क्यांनी घटला.

मार्च 2025 च्या निवडणुकीत फरीदाबादच्या मतदारांनी महापौराची थेट निवड केली. महाविद्यालयांकडे जाणारे रस्ते उजळ ठेवणे, ओसाड जागा वापरात आणणे आणि पोलिसांशी नियमित संपर्क राखणे यांसाठी नव्या कायद्याची गरज नाही. महापालिकेच्या विद्यमान अधिकारांतच ही कामे होऊ शकतात.