क्रियापदलोप, इंग्रजीतील 'टू'नंतरचा

आधी येऊन गेलेले क्रियापद पुन्हा न उच्चारता नुसता 'टू' ठेवण्याची इंग्रजीतील रीत. 'विल यू कम?' या प्रश्नाला 'आय वुड लव्ह टू' हे पूर्ण उत्तर ठरते. 'कम' ऐकणाऱ्याने मागच्या वाक्यातून भरून घ्यायचे. नकार बहुधा 'टू'च्या आधी येतो: 'शी डिसायडेड नॉट टू'. गाळायचे क्रियापद 'बी' असेल तर मात्र ते सहसा ठेवतात. 'ही इज नॉट ॲज रिच ॲज ही यूज्ड टू बी' यातला शेवटचा शब्द काढला की वाक्य लंगडे पडते. 'ट्राय'नंतर 'टू'सुद्धा गळू शकतो. 'वॉन्ट'नंतर ही सवलत मुख्यतः 'इफ', 'व्हेन' अशा उपवाक्यांतच मिळते, आणि शिकणारे नेमके इथेच अडखळतात. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी १९८२ मध्ये हा 'टू' साहाय्यक क्रियापदच असल्याचे मांडले. 'कॅन', 'विल' यांच्यानंतरही असाच लोप होतो, हे साम्य त्या मताला बळ देते.