खेडे हा घटक : सीमाभागाच्या दोन दप्तरांची कहाणी

बेळगावला लागून असलेले शहापूर स्वातंत्र्यापूर्वी सांगली संस्थानात होते. बेळगाव मुंबई इलाख्यात. पेठा शेजारच्या, बोली एकच, सोयरिकी आपसांत. दप्तरे मात्र दोन सरकारांची. सीमालढ्याचा इतिहास आपण ठराव, सत्याग्रह आणि हौतात्म्य यांतून सांगतो, आणि तो तसा सांगितलाच पाहिजे. परंतु या प्रश्नाचे एक मूळ दप्तरखान्यातही आहे.

इंग्रजी अमदानीत ही भूमी निरनिराळ्या खात्यांनी मोजली. लॅम्बटनने 1802 साली मद्रासजवळ आरंभलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने देशाचा सांगाडा आखला. गोल्डस्मिड व विंगेट यांची महसुली मोजणी 1830च्या दशकात इंदापुरापासून सुरू झाली आणि पुढे बेळगाव-धारवाडपर्यंत पोहोचली. 33 फुटी साखळीने शेते मोजली गेली, त्यांना सर्व्हे नंबर मिळाले, गावांचे नकाशे तयार झाले. माणसे मोजून त्यांची मातृभाषा नोंदवण्याचे काम शिरगणतीचे. म्हणजे मोजणी खात्याला गावाची शीव ठाऊक, पण त्या शिवेतली भाषा नव्हे. शिरगणतीला भाषा ठाऊक, पण शीव आखणे तिचे काम नव्हे. हे दोन कागद एकमेकांवर ठेवल्याखेरीज भाषेची सीमा दिसत नाही.

1953 साली नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हाच घटक धरला. जिल्ह्याची बेरीज केली की खेड्यातले बहुमत त्या बेरजेत बुडते. आयोगाने चंदगड तालुका तेवढा वेगळा काढला आणि उरलेला बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 रोजी म्हैसूर राज्यात गेला. तेव्हा चिकोडी तालुक्यात असलेली निपाणीही त्याबरोबर गेली.

हे अपरिहार्य होते काय? नव्हते. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमावादात हरिभाऊ पाटसकरांनी खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता ही तत्त्वे लावली. त्यांच्या निवाड्यानुसार केलेले फेरबदल 1 एप्रिल 1960 रोजी अमलात आले आणि तिरुत्तणी मद्रास राज्यात गेले. शिरगणतीची यादी आणि गावनकाशा एकत्र वाचता येतात, याचा हा पुरावा होता. महाराष्ट्राची मागणी हीच होती आणि आहे. तिला लोकेच्छेची जोड आहे.

1967 च्या महाजन अहवालाने बेळगाव शहर नाकारले. तरी निपाणी, खानापूर, नंदगड यांसह 264 गावे महाराष्ट्राला आणि 247 गावे म्हैसूरला द्यावीत अशी शिफारस केली. जिल्हा फोडता येतो, गावागणिक यादी करता येते, हे त्या अहवालानेही मान्य केले. मग ते माप बेळगावला का लागू नये? 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

आता नकाशे संगणकावर आले आहेत. महाराष्ट्रात सातबारा महाभूलेखवर मिळतो, कर्नाटकात पहाणी ‘भूमी’ प्रणालीतून, कन्नडमध्ये. केंद्राचे राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण 2022 साली आले. खात्याखात्यांच्या नकाशांचा मेळ बसावा, हा त्याचा एक हेतू. पण मेळ बसवताना पहिली ठेच नावालाच लागते. बेळगाव, बेलगाम, बेळगावी, निपाणी, निप्पाणी. आपल्याला ही एकाच गावाची रूपे वाटतात, यंत्राला ती निरनिराळी गावे. म्हणून प्रत्येक गावाला संकेतांक देतात. संकेतांकाने गाव सापडते, हे खरे. परंतु गावकरी आपल्या गावाला काय म्हणतात, हे त्या आकड्यात उरत नाही. ज्या यादीत नावाचे एकच रूप टिकते, तिथे दुसरे रूप बोलणारा माणूसही हळूहळू दिसेनासा होतो.

वेदगंगा आणि दूधगंगा कोल्हापुरातून निपाणी भागात उतरतात. पूर आला की तो राज्याची हद्द विचारत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंचे नकाशे जुळलेले असणे ही सर्वांचीच गरज, मराठी माणसाची आणि कन्नड माणसाचीही. मात्र ते जुळवताना गावाचे मराठी नाव गळता कामा नये.

आपल्या माळ्यावरच्या पेटीत आजोबांचा मोडीतला किंवा बाळबोध उतारा असेल, तर तो रद्दीत घालू नका. सर्व्हे नंबर, गावाचे नाव आणि साल वाचून एका वहीत टिपून ठेवा. सरकारी दप्तरांनी जे एकमेकांना सांगितले नाही, ते त्या पिवळ्या कागदावर एकाच ओळीत लिहिलेले असते.