नव्या प्रशिक्षकाचे आगमन आणि संघाची फेररचना : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील विद्यार्थी-खेळाडूंच्या स्थैर्याचा इतिहास (१९५४ ते २०२५)

प्रस्तावना

अमेरिकेत ‘फुटबॉल’ या नावाने खेळला जाणारा खेळ भारतीयांच्या परिचयाच्या फुटबॉलहून भिन्न आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळल्या जाणाऱ्या या खेळाचा विकास तेथे मुख्यतः विद्यापीठांच्या मैदानांवर झाला. विद्यापीठाचा संघ पराभूत होऊ लागला की मुख्य प्रशिक्षक बदलला जातो आणि त्याच्या पाठोपाठ संघातील खेळाडूही बदलतात. हे खेळाडू त्या विद्यापीठाचे विद्यार्थी असतात. त्यामुळे संघाच्या फेररचनेचा प्रश्न हा केवळ क्रीडाविषयक न राहता विद्यार्थ्याच्या शिक्षणाचाही प्रश्न बनतो. विद्यार्थी-खेळाडूचे विद्यापीठातील स्थान संस्थेशी बांधलेले होते की प्रशिक्षकाच्या मर्जीशी, या दृष्टीने सुमारे सात दशकांच्या वाटचालीचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

जंक्शन येथील शिबिर

१९५४ मध्ये पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांनी केंटकी विद्यापीठ सोडून टेक्सस ए अँड एम या संस्थेच्या संघाची सूत्रे स्वीकारली. त्या वर्षी सप्टेंबरच्या आरंभी त्यांनी खेळाडूंना टेक्ससमधील जंक्शन या गावी शिबिरासाठी नेले. दुष्काळाने भेगाळलेली जमीन, कडक ऊन आणि सरावादरम्यान पाणी पिण्यास मनाई अशा परिस्थितीत हे शिबिर सुमारे दहा दिवस चालले. गेलेल्या खेळाडूंपैकी बहुसंख्य मध्येच निघून गेले. काही जण तर रात्री कोणालाही न सांगता परतले. कोणालाही लेखी आदेशाने काढण्यात आले नव्हते. सराव असह्य करणे हीच निवडीची पद्धत होती.

त्या हंगामात संघाने दहापैकी केवळ एक सामना जिंकला. मात्र १९५६ मध्ये तोच संघ अपराजित राहून साऊथवेस्ट कॉन्फरन्सचा विजेता ठरला. शिबिरात टिकलेले जीन स्टॅलिंग्ज आणि जॅक पार्डी पुढे स्वतः नामवंत प्रशिक्षक झाले. परिणामी जंक्शनची कथा चिकाटीची गाथा म्हणून रूढ झाली. जे टिकले त्यांची नावे इतिहासात राहिली. जे निघून गेले त्यांच्या शिक्षणाचे पुढे काय झाले, हा प्रश्न या कथेत सहसा विचारला जात नाही.

शिष्यवृत्ती आणि संख्येची बंधने

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन म्हणजेच एनसीएए या संस्थेने १९५६ मध्ये खेळातील गुणवत्तेवर आधारित शिष्यवृत्तीस मान्यता दिली. १९७३ मध्ये चार वर्षांच्या शिष्यवृत्तीऐवजी दरवर्षी नूतनीकरण करावयाची शिष्यवृत्ती आली. या बदलामुळे प्रशिक्षकाच्या हाती मोठा अधिकार आला. खेळाडूला घालवण्यासाठी आता जंक्शनसारख्या शिबिराची गरज उरली नाही. नूतनीकरण न करणे पुरेसे होते. दुसरीकडे, विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉलपटूला सामान्यतः एक वर्ष स्पर्धेबाहेर बसावे लागे. म्हणजे प्रशिक्षक मोकळा आणि विद्यार्थी बांधलेला, अशी ही विषम व्यवस्था होती.

या व्यवस्थेतही संख्येची बंधने खेळाडूंना काही प्रमाणात संरक्षण देत होती. सर्वोच्च श्रेणीतील संघांसाठी शिष्यवृत्तींची मर्यादा टप्प्याटप्प्याने कमी होत १९९४ पर्यंत ८५ वर आली. एका वर्षात साधारण २५ हून अधिक नवे शिष्यवृत्तीधारक घेता येत नसत. त्यामुळे नव्या प्रशिक्षकाला मनाजोगता संघ उभारण्यास तीन-चार वर्षे लागत आणि तोपर्यंत जुन्या खेळाडूंना सांभाळून घेणे त्याला भाग पडे. पुढे २०१५ मध्ये पाच प्रमुख कॉन्फरन्सेसनी केवळ खेळातील कामगिरीच्या कारणावरून शिष्यवृत्ती रद्द करण्यास मनाई केली.

पोर्टलचे युग

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झाले. २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये, शैक्षणिक अटी पूर्ण करणाऱ्यांसाठी, ही मुभा कितीही वेळा वापरता येऊ लागली. २०२२ मध्ये नव्या खेळाडूंची वार्षिक मर्यादा उठवण्यात आली. विद्यार्थ्याला मिळालेले स्वातंत्र्य आणि प्रशिक्षकाला मिळालेली मोकळीक अशा प्रकारे एकाच सुमारास अवतरली.

याचे ठळक उदाहरण म्हणजे कोलोरॅडो विद्यापीठ होय. २०२२ मध्ये या संघाने बारापैकी एकच सामना जिंकला होता. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या डीऑन सँडर्स यांनी पहिल्याच बैठकीत खेळाडूंना पोर्टलची वाट दाखवली. २०२३ चा हंगाम सुरू झाला तेव्हा जुन्या शिष्यवृत्तीधारकांपैकी केवळ दहाच्या आसपास खेळाडू उरले होते. नव्या प्रशिक्षकाने वगळलेला खेळाडू विद्यापीठातच राहिला तर त्याची शिष्यवृत्ती चालू ठेवावी, परंतु ती ८५ च्या मर्यादेत धरू नये, अशी नियमात तरतूद होती. कागदोपत्री विद्यार्थ्याचे शिक्षण सुरक्षित होते. मात्र ज्याला खेळायचे होते त्याला जावेच लागले. संघाने २०२३ मध्ये चार, २०२४ मध्ये नऊ आणि २०२५ मध्ये पुन्हा तीनच सामने जिंकले.

इंडियाना विद्यापीठात मात्र कर्ट सिग्नेटी यांनी जेम्स मॅडिसन विद्यापीठातील आपल्या अनेक खेळाडूंना सोबत आणले. २०२३ मध्ये तीन सामने जिंकणारा हा संघ २०२४ मध्ये अकरा सामने जिंकला आणि २०२५ च्या हंगामाचा राष्ट्रीय विजेता ठरला. येथेही खेळाडूंची निष्ठा संस्थेपेक्षा प्रशिक्षकाशी अधिक जोडलेली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

निष्कर्ष

नव्या प्रशिक्षकाबरोबर संघ रिकामा होणे ही पोर्टलची निर्मिती नव्हे. ती प्रथा जंक्शनइतकी तरी जुनी आहे. बदलले ते साधन. १९५४ मध्ये ते ऊन आणि तहान होते, १९७३ नंतर वार्षिक नूतनीकरण आणि २०२२ नंतर पोर्टल. आजचा खेळाडू जाताना खेळण्याचा हक्क सोबत नेतो, ही प्रगती निश्चितच मान्य करावी लागेल. परंतु शैक्षणिक श्रेयांक तितक्या सहजतेने सोबत जात नाहीत. पदवीच्या दिशेने ठरावीक टक्के प्रगतीची अट कायम असताना प्रत्येक स्थलांतराबरोबर काही अभ्यासक्रम वाया जाण्याचा धोका संभवतो. २०२५ मध्ये, प्रशिक्षक बदलल्यावर खेळाडूंना निर्णयासाठी मिळणारी मुदत ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणण्यात आली. चार वर्षांच्या शिक्षणाचा निर्णय पंधरा दिवसांत आणि प्रशिक्षकाकडे पाहून घ्यावा लागत असेल, तर ‘विद्यार्थी-खेळाडू’ या जोडशब्दातील पहिल्या पदाची जबाबदारी क्रीडाविभागावर न सोपवता ती अध्यापकवर्गानेच स्वीकारणे आवश्यक ठरते.