पेंडींत राहिलेलें तेल

आमच्या चामोर्शीच्या भोंवतालच्या वनप्रदेशांत मोहाच्या बियांचें तेल काढण्याची चाल जुनी आहे. घाण्यांतून निघालेली पेंड हातांत घेऊन दाबली, तर बोटें ओशट होतात. घाणा कितीही फिरविला तरी थोडें तेल पेंडींत राहतेंच. शाळेंत खनिज तेलाचा पाठ शिकविण्यापूर्वीं मी मुलांच्या हातीं अशी पेंड देत असें. कारण भूगर्भांत तेलाचें एखादें सरोवर भरलेलें असतें, ही समजूत आधीं काढावी लागे. तेल असतें तें दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेलें. पेंडींत थोडेंच तेल राहतें. दगडांत मात्र बहुतेक राहतें. जगांतील तेलक्षेत्रांतून सरासरीनें एक तृतीयांशाच्या आसपासच तेल वर येतें. मागें राहिलेलें तेल काढण्याच्या उद्योगाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

१८५९ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत ड्रेक यानें विहीर पाडून तेल मिळविलें. त्या काळीं भूगर्भांतील दाब ओसरला, कीं विहीर संपली असें समजत. पुढें १८८० सालीं त्याच प्रांतांतील कार्ल नांवाच्या भूशास्त्रज्ञानें सुचविलें कीं, थरांत शिरलेलें पाणी तेलाला विहिरीकडे ढकलूं शकेल. ज्या पाण्याला तेलवाले वैरी मानीत, तेंच पुढें त्यांचें चाकर झालें.

परंतु ह्या चाकराच्या अंगीं दोन खोडी आहेत. पाणी पातळ, तेल दाट. पाणी तेलाला बाजूस सारून सोप्या वाटेनें पुढें पळतें. आमच्या धानाच्या बांधींतही हेंच घडतें. बांधाला खेकड्यानें बीळ पाडलें, कीं सारें पाणी तेथूनच निघून जातें. दुसरी खोडी अशी कीं, पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहींत. त्यामुळें छिद्रांत अडकलेले थेंब पाण्याला सुटत नाहींत.

ह्यांवरचे उपाय आमच्या घरांतल्याच युक्त्यांसारखे आहेत. पहिला उपाय पाण्याला पेजेसारखें दाट करण्याचा. १९६४ च्या सुमारास अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, पाण्यांत थोडें पॉलिमर विरघळविलें, तर तें सावकाश व सारख्या रीतीनें पुढें सरकतें. दुसरा उपाय बीळ बुजविण्याचा. पॉलिमरचे तंतू क्रोमियमसारख्या धातूच्या योगानें एकमेकांत गुंतविले, म्हणजे त्यांचें थलथलीत जेल बनतें. तें रुंद भेगांत जाऊन बसतें आणि पाण्याला दुसरी वाट धरावी लागते. तिसरा उपाय साबणाचा. १९२७ सालीं ॲटकिन्सन यानें अल्कलीयुक्त पाण्यानें तेल काढण्याचें पेटंट घेतलें. तेलांतील आम्लांशीं अल्कलीचा संयोग झाला, कीं दगडाच्या पोटांतच साबण तयार होतो. आमच्या आया तेलकट भांडें राखेनें घांसत, त्यामागचें रसायनही हेंच. आतां कारखान्यांत बनविलेलीं साबणाच्या जातीचीं द्रव्येंही पाण्यांतून सोडतात.

हिंदुस्थानांत ह्या विद्येचे प्रयोग मुख्यतः पश्चिमेकडील वालुकाश्मांत झाले. गुजराथेंतील साणंद येथें १९८५ सालीं पॉलिमरचा प्रयोग सुरू झाला. विराज येथें २००२ सालीं अल्कली, साबणद्रव्य व पॉलिमर हीं तिन्ही एकत्र वापरून पाहिलीं. राजस्थानांतील मंगला क्षेत्रांत २०११ सालीं पॉलिमरचा प्रयोग झाला आणि पुढें तो साऱ्या क्षेत्रांत विस्तारला.

मग आपल्या मुंबई हायचें काय? १९७४ च्या फेब्रुवारींत ‘सागर सम्राट’ जहाजानें किनाऱ्यापासून सुमारें १६० किलोमीटरवर तेल शोधलें, तेव्हां मी शाळकरी मुलगा होतों. गांवांतल्या रेडिओभोंवतीं जमलेली माणसें मला आजही आठवतात. १९७६ च्या मे महिन्यांत तेल येऊं लागलें. १९८९ च्या सुमारास दिवसाला ४ लाख पिंपांहून अधिक तेल निघे. २०२४ सालीं तें दीड लाख पिंपांच्याही खालीं आलें. तेथेंही दगडांत पाणी सोडतात, पण रसायनांचें काम बिकट आहे. तेथील मुख्य खडक चुन्याचा असून साबणद्रव्यांपैकीं पुष्कळशीं तो स्वतःच शोषून घेतो. भूगर्भांतील उष्णता आणि खारट पाणी यांनीं पॉलिमरचा दाटपणा जातो. शिवाय भर समुद्रांतील फलाटावर जागा ती किती! जानेवारी २०२५ मध्यें ह्या क्षेत्राचें उत्पादन वाढविण्याकरितां बीपी ह्या परदेशी कंपनीचें तांत्रिक साह्य घेण्याचें ठरलें, त्यावरून प्रश्नाची बिकटता ध्यानांत यावी.

आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं चार पंचमांशांहून अधिक आपण परदेशांतून आणतों. अशा वेळीं घरचें तेल दगडांत सोडून देणें परवडणारें नाहीं. रसायनेंही फुकट मिळत नाहींत. एका पिंपासाठीं दीड पिंपाची किंमत मोजणें हा शहाणपणा नव्हे. म्हणून प्रत्येक खडकाचा स्वभाव ओळखून उपाय योजावा लागतो, आणि त्याला वर्षानुवर्षें लागतात.

तेल सांपडलें तो दिवस इतिहासांत नोंदला जातो. राहिलेलें तेल थेंबाथेंबानें सोडविणाऱ्यांचा असा एक दिवस नसतो. तरी एवढें ध्यानांत ठेवावें कीं, तेल सांपडलें म्हणजे काम संपलें नाहीं. पेंड अजून ओशट आहे.